ओरिजिनल कॅरियर

माझा धंदाच संशयाचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात मी वेल्डिंगची तपासनीस आहे. दुसऱ्यांनी जोडलेलं लोखंड खरोखर जोडलं गेलंय का, हे बघायचा मला पगार मिळतो. सोळा वर्षं झाली. मी लांबून दिसले की वेल्डर एकमेकांना ‘आली’ म्हणतात, कुणी हिंदीत, कुणी मल्याळममध्ये, आणि मला दोन्हीतलं कळतं. पण खरं सांगू? ही खोड नोकरीने लावलेली नाही. भाजीवाला हसून बोलला तरी मी आधी त्याच्या काट्याकडे बघते, आणि हे मी चिपळूणला शाळेत असल्यापासून करत आलेय.

तर माझ्या नवऱ्याने पंचेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकल घेतली. वाळूत चालवायची. आठवडाभर जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकतिसाव्या मजल्यावर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माणसाला अचानक वाळवंट बोलवायला लागलं. मी म्हटलं, घे बाबा, हाडं तुझी आहेत. पण या बाईकला नंबरप्लेट नसते, ती रस्त्यावरून चालवता येत नाही. शारजाकडच्या बदायरच्या वाळवंटापर्यंत ती न्यायची कशी, हा प्रश्न आला आणि तिथून माझी झोप उडाली.

गाडीच्या मागे, बंपरच्या खाली, एक चौकोनी लोखंडी खोबण असते. तिला हिच म्हणतात. बाईक न्यायचा कॅरियर या हिचमध्ये अडकवतात. एक जाड चौकोनी नळी, मी तिला मान म्हणते, ती खोबणीत घालायची आणि आडवी पिन मारायची. मानेच्या दुसऱ्या टोकाला एक आडवं पन्हाळं वेल्ड केलेलं असतं, त्यात बाईक उभी करून पट्ट्यांनी आवळायची. झालं. एकशे दहा किलोची बाईक गाडीच्या मागे हवेत लटकणार, आणि सगळा भार एका जोडावर. तो जोड तुटला तर बाईक कुठे जाणार? आपल्या गाडीला काही होत नाही. ती जाणार मागून येणाऱ्याच्या काचेत.

आधी आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. अमेरिकन कंपनीचा कॅरियर, काळा कुळकुळीत, गुळगुळीत. विकणारा पोरगा म्हणाला, “मॅम, ब्रँड है, आप आँख बंद करके ले लो.” आता मला कुणी डोळे बंद करायला सांगितले की मी बॅटरी काढते. मी वाकून खाली बघितलं. रंग इतका जाड की वेल्डचा एक टाका दिसेना. एवढं लपवण्यासारखं काय आहे खाली, असं मी विचारलं. पोरगा बिचारा नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा किमतीची चिठ्ठी बघत होता. “बावीसशे दिरहम,” तो म्हणाला, आणि अठरा वर्षं इथे काढूनही मोठ्याने, “म्हणजे पन्नास हजारांच्या वर गेलं!”

मग शारजात गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गल्लीत तोच कॅरियर सातशे दिरहमला. हुबेहूब तोच. भोकं तिथेच, वाक तोच, स्टिकरसुद्धा त्याच ढंगाचा. फक्त अमेरिकन कॅरियरवर एकशे ऐंशी किलो लिहिलं होतं आणि याच्यावर दोनशे सत्तर. एक तृतीयांश किमतीत दीडपट ताकद! मी पर्समधून व्हर्नियर काढून पत्र्याची जाडी मोजायला घेतली, तेव्हा दुकानदार काउंटरमागून उठून आला. साठीचा, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. आमचं मराठी ऐकून म्हणाला, “कुठल्या तुम्ही?”

“चिपळूणची.”

“मी दापोलीचा. मग आपल्याच की हो ताई तुम्ही.”

हे ‘आपल्याच’ ऐकलं आणि मी सावध झाले. परदेशात आपला माणूस म्हणून जेवढा माल गळ्यात मारला जातो तेवढा परका माणूस कधी मारत नाही. पण हा माणूस म्हणाला, “स्टिकरवर जाऊ नका. तो आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. महिन्यातून एकदा न्यायची असेल तर हा पुरे. दर शनिवारी न्यायची तर मी तरी तुम्हाला देणार नाही. आणि हा घ्या की तो घ्या, दर खेपेला निघण्याआधी जोडावर हात फिरवा, बॅटरी मारून बघा.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला शिकवतो? मला? आणि दुसरं म्हणजे, दुकानदार स्वतःच्या तोंडाने माल घेऊ नका म्हणतो, याचा अर्थ काय? कुणाचा तरी तुटला असणार. मी सरळ विचारलं, “कुणाचा तुटला?”

तो हसला. “तुटल्यावर गिऱ्हाईक परत येत नाही ताई. त्यामुळे आपल्याला कळत नाही.”

परतीच्या वाटेवर मी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस फार प्रामाणिक वाटतो, मला काही पटलं नाही. नवऱ्याने स्टिअरिंगवर डोकं आपटायचा अभिनय केला. आणि मी निकाल दिला: अमेरिकन म्हणजे अमेरिकन. घ्यायचा तर ओरिजिनल, नाहीतर बाईक विकून टाक.

पंधरा दिवसांनी नवरा घरी ओरिजिनल घेऊन आला. अबुधाबीतला कुणी कायमचा देश सोडून चालला होता, घरातलं सगळं काढत होता, त्याच्याकडून निम्म्या किमतीत. ही गोष्ट मला फारच सोयीची वाटली. इथे रोज कुणी ना कुणी देश सोडून जातो आणि सोफे, पडदे, कुंड्या विकतो, हे मला माहीत आहे. पण नेमका हाच कॅरियर? नेमका आत्ताच?

“बिल?” मी विचारलं.

“सेकंडहँडला कसलं आलंय बिल?”

“मग त्या माणसाचा नंबर दे.”

“तो गेला ना कॅनडाला! खलास! सिम बंद!”

मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हा शारजाला गेला असणार, सातशेचा माल उचलला असणार आणि वर स्टिकर चिकटवला असणार. मी भिंग घेऊन स्टिकरची अक्षरं बघितली. बोल्टांच्या डोक्यांवरचे शिक्के बघितले. जाडी मोजली, ती बरोबर भरली, तर वाटलं की आता नकलासुद्धा जाड करायला लागले असतील. शेवटी मी शारजाच्या त्या दापोलीकर दुकानदारांना फोन लावला आणि माझा नवरा एकटा येऊन गेला का, असं विचारलं. हो, विचारलं. लाज वाटते आता. ते म्हणाले, “नाही हो ताई, आले नाहीत.” मला वाटलं, यांनी आपसात ठरवलंय.

मी नवऱ्याला म्हटलं, ठीक आहे, ने. पण माझी एक अट आहे. आमच्या लेकीला तेव्हा नुकतंच लायसन्स मिळालं होतं. एकोणीस वर्षांची, छोटी पांढरी गाडी, अजून उलटी लावताना घाम फुटायचा. मी तिला सांगितलं, तू आमच्या मागून यायचं. कॅरियर हलतोय का, पन्हाळं झुकतंय का, डोळ्यात तेल घालून बघायचं आणि आम्हाला फोनवर सांगायचं.

“आई, सीरियसली?”

“सीरियसली. आणि लांब राहू नकोस. एमिरेट्स रोडवर फट दिसली की ट्रकवाले घुसतात. मध्ये कुणी आलं तर तुला काय दिसणार? चिकटून ये.”

चार शनिवार असे गेले. पुढे आम्ही, मागे ती. मी सगळा रस्ता फोनवर. हललं का? नो. आवाज येतो का? नो, आई. नीट बघितलंस का? वाळवंटात पोचल्यावर नवरा बाईक उतरवून पसार व्हायचा आणि मी कॅरियरभोवती भिंग घेऊन फिरायची. नक्कल कुठे पकडता येईल, स्टिकर कुठे सुटतोय, आतल्या बाजूला चिनी अक्षर सापडतंय का. लेक गाडीत बसून सँडविच खायची आणि म्हणायची, “शी इज लुकिंग फॉर चायना अगेन.”

पाचव्या शनिवारी दसरा आला. सुट्टीच्या दिवशी दसरा म्हणजे चंगळच. सकाळी बाईकची, गाड्यांची पूजा करायची आणि तसंच बदायरला निघायचं असं ठरलं. करामाच्या बाजारातून आणलेले झेंडू, नारळ, हळदकुंकू घेऊन मी पार्किंगमध्ये उतरले. बाईक कॅरियरवर चढवून झाली होती. लेक मागे तिच्या गाडीत बसली होती, एसी चालू करून. मी हँडलला हार घातला. लोखंडावर नुसतं कुंकू टिकत नाही, म्हणून आमच्याकडे ते तेलात कालवतात. तसल्या कुंकवाने मी बंपरवर स्वस्तिक काढलं आणि एक कॅरियरच्या मानेवर, पन्हाळ्याच्या जोडाला लागून.

“अगं, तिथे नको,” नवरा म्हणाला, “बाईक उतरवताना माझ्या पँटीला लागेल सगळं.” ती पँट काही स्वस्तातली नव्हती, म्हणून मीही ऐकलं आणि फडक्याने स्वच्छ पुसून टाकलं. मग चाकाखाली बसून दोन बोटांची रांगोळी काढली. उठताना गुडघा धरला, तसा आधाराला हात टाकला तो मानेवरच. रांगोळीने भरलेला हात. काळ्या रंगावर पांढरा पंजा उमटला.

“यल्ला यल्ला,” नवरा म्हणाला, “ऊन व्हायच्या आत पोचू.”

मी हात झटकत त्या पंजाकडे बघत होते. पांढऱ्यात एक लाल रेष उमटली. आधी केसाएवढी, मग स्पष्ट. जोडाच्या कडेकडेने, वाकडीतिकडी, माझ्या करंगळीपेक्षा लांब.

कारखान्यात मी हेच करते. लोखंडावर लाल रंग सोडायचा, तो पुसून काढायचा, वर पांढरी भुकटी मारायची. लोखंड अखंड असेल तर पांढरं पांढरंच राहतं. कुठे तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग भुकटीत वर येतो. सोळा वर्षं मी ही रेष शोधते आणि ती दिसली की वेल्डरवर ओरडते.

“बाईक उतरव,” मी म्हटलं.

“आता काय? परत ओरिजिनल-डुप्लिकेट?”

“उतरव म्हणते ना!”

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पट्ट्या सोडल्या.

सोमवारी मी कॅरियर कारखान्यात नेला. रंग खरवडून रीतसर तपासला. तडा मानेच्या तीन बाजूंनी फिरला होता. चौथी बाजू तेवढी धरून होती. त्यात जुना गंज होता आणि एक नवी चकचकीत पट्टीही होती, म्हणजे आधीच्या माणसाकडे सुरू झाला आणि आमच्या चार खेपांत पुढे सरकला. त्याने बहुतेक दुप्पट वजनाची बाईक वाहिली असावी. आता कॅनडात कुणाला विचारणार? पण खरवडताना नळीच्या आत ठोकलेला नंबर सापडला. तो मी शोरूमला पाठवला. तासाभरात उत्तर आलं. नंबर त्यांचाच. माल अस्सल.

संध्याकाळी जेवताना मी ते सांगितलं. “ओरिजिनल आहे,” मी म्हटलं. तोंडातल्या तोंडात.

नवऱ्याने ताटातून मान वर केली. “तू भिंग लावलंस ते मला पकडायला,” तो म्हणाला. “तुझा संशय माझ्यावर होता. लोखंडावर नव्हताच.”

माझ्या कपाटात लाल रंगाचा डबा आहे, भुकटीचा डबा आहे. दहा मिनिटांचं काम. कारखान्यात परक्यांच्या नळीवर रोज करते. दापोलीकर तेवढंच तर सांगत होते, आणि मी हा माणूस आपल्याला का सांगतोय याचाच शोध घेत बसले. अस्सल की नक्कल, एवढा एकच प्रश्न मी त्या लोखंडाला विचारला. तू तुटतंयस का, हे विचारलं नाही.

लेक जेवण टाकून आत गेली आणि फोन घेऊन आली. तिच्या गाडीच्या काचेला कॅमेरा आहे, सगळं रेकॉर्ड होत असतं. तिने शेवटचा शनिवार काढून माझ्यासमोर धरला. एमिरेट्स रोड. समोर आमची गाडी, आणि काचेच्या मधोमध बाईकचं मागचं चाक, इतकं जवळ की टायरवरचे खडे मोजावेत. एका खड्ड्यावर सगळा कॅरियर खाली झुकला आणि परत वर आला. गाडीच्या स्पीकरमधून माझा आवाज आला. “बाळा, मागे का पडलीस? जवळ ये. अजून जवळ.” आणि लेकीचं, “ओके, आई.” चाक मोठं झालं.

“बंद कर ते,” मी म्हटलं.

“थांब,” ती म्हणाली, पहिल्यांदाच मराठीत, “पुढे अजून दोनदा म्हणालीयस.”