अनसिंगचा एकटा रूळ

आईनं स्वतःसाठी कधी प्रवास मागितला नव्हता. म्हणून सत्तरच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये ती म्हणाली, "मले अनसिंगचा तो एकटा रूळ पाहाचा हाय," तेव्हा मी लगेच ऑफिसात रजा टाकली.

अनसिंगजवळ पूर्वी एक जिनिंग कारखाना होता. तिथून स्टेशनापर्यंत कापसाच्या गाठी नेणारी गाडी एकाच रुळावर चाले. लहान चाकं रुळावर, तोल सांभाळणारं मोठं चाक बाजूच्या मातीत, आणि ओढायला बैल. पतियाळा संस्थानात आणि मुन्नारच्या चहामळ्यांकडेही अशा गाड्या होत्या, हे मी फार नंतर वाचलं. आईचा थोरला भाऊ, गणपतमामा, ही गाडी हाकायचा. एका दुपारी बैल गाडी घेऊन स्टेशनावर आले, मामा नव्हता. कोणी म्हणालं मुंबईला पळाला, कोणी म्हणालं विहिरीत पडला. विहिरी उपसल्या, तरी सापडला नाही. आई तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होती.

अकोल्याहून सकाळची मीटरगेज पॅसेंजर धरली. कोळशाचे कण डोळ्यांत जायचे, म्हणून इंजिनाकडे पाठ करून बसलो. वाशीमला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावरची कांदाभजी गरम आणि स्वस्त होती, पण आईनं एकही खाल्लं नाही. अनसिंगला उतरून आम्ही पायवाट धरली. वाटेत सावली नाही की पाणी नाही.

कारखान्याच्या पडक्या भिंतीपलीकडे सखाराम नावाचा शेतकरी वखर हाकत होता. त्याच्या बांधालगत रुळाचा लांबच लांब तुकडा पडून होता.

"हा काहून ठेवला?" मी विचारलं.

"म्या कुठं ठेवला, ताई? बाकीचा भंगारवाल्यानं नेला. ह्याले हात लावला अन् तसाच मागं सरला."

मी वाकून पाहिलं. रुळाच्या बाजू गंजून लाल झाल्या होत्या, पण माथा चकचकीत होता. रोज गाडी धावणाऱ्या रुळाचा असतो तसा.

"ह्याच्यावरून काही जाते का?"

"माह्या देखत तं काईच नाई." त्यानं घाईनं बैल सोडले. "दुपार झाली. आता हे अथी थांबत नाईत."

त्यानं बैल लिंबाखाली नेले. वारा पडला होता. तेवढ्यात रूळ गुणगुणू लागला, बारीक, दातांत झिणझिण्या आणणारा आवाज. लिंबाखालचे दोन्ही बैल एकदम कारखान्याकडे पाहू लागले. मग त्यांच्या माना हळूहळू आमच्या दिशेनं वळत आल्या, जणू काहीतरी चालत येत होतं. रुळाशेजारची सुकी माती एका रेषेत दबत, फुटत पुढे सरकत होती. ती रेषा आईच्या पायांसमोर येऊन थांबली.

मी आईचा दंड धरला. तिनं माझा हात सोडवला.

"दादा," ती म्हणाली, "बैल पोचले होते. माल पोचला. तुह्यावर कोनी नाराज नाई. आता जाय तू."

गुणगुण थांबली. बैलांनी माना खाली घातल्या. सखारामनं पाण्याचा तांब्या पुढे केला. आई घटाघटा प्याली आणि म्हणाली, "चाल, गाडी चुकन."

पुढे मी दिल्लीच्या संग्रहालयात पतियाळाच्या एकरुळी गाडीचं इंजिन पाहिलं, मुंबईच्या मोनोरेलमध्येही बसले. अनसिंगला जावं का, असं तुम्ही विचाराल. खुशाल जा, पण रूळ आता तिथं नाही, आणि मी पाहिलं ते काय होतं हे मला आजही सांगता येत नाही.

अनसिंगहून घरी परतल्यावर एवढंच घडलं. शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईनं आईला विचारलं, "तुम्ही किती भावंडं?"

"मी अन् एक भाऊ होता," आई म्हणाली.

'होता' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.