सरळ बसलेलं हाड

हाडवैद्य नानांच्या अंगणात कोंबड्या ज्या पत्र्यातून पाणी पितात, तो विमानाच्या पंखाचा आहे. मोडलेलं मनगट मांडीवर धरून मी त्याकडे बघत बसलो होतो.

लढाईच्या दिवसांत सरावाचं विमान मागच्या ज्वारीत कोसळलं. शिकवणारा जागीच गेला, शिकणाऱ्याची मांडी मोडली. ओढ्याला पूर होता, लष्कराची गाडी चार दिवस पोचली नाही. तोवर नानांनी हाड जुळवून, उडदाचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या.

“इतका सरळ बसला पाय, की परत विमान उडवायला नेला त्याला,” नाना म्हणाले. “महिन्याभरात लढाईत जळून मेला. लंगडा असता तर घरी गेला असता.”

हाताला यश म्हणतात ते हेच असेल, तर ते कुणाला लाभतं कोण जाणे. कोंबडीने पत्र्यावर चोच आपटली.

तेवढ्यात रस्त्याने एक म्हातारा लंगडत आला, दारासमोर थांबून थुंकला आणि पुढे गेला.

“त्यानंतर हा पलटणीत भरती झाला होता. जायच्या आधी झाडावरून पडला,” नाना शांतपणे म्हणाले. “त्याचा मोडलेला पाय मी मुद्दाम वाकडा बसवला. ना लग्न झालं, ना शेतात राबता आलं.”

“त्यांना माहीत आहे?”

“मीच सांगितलं. जिवंत आहेस ना, म्हटलं.”

मग त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, अंगठ्याने हाड चाचपलं आणि विचारलं, “तू काम काय करतोस?”