कापडाच्या वर आलेलं डोकं

तुंगार्लीतल्या बंगल्यांचे भाड्याच्या जाहिरातींसाठी फोटो काढायचं काम मी करते. आठ-नऊ वर्षं झाली. लोकांना वाटतं, तळं, स्विमिंग पूल, हिरवळ, मजाच आहे बाईची. खरं काम काचा सांभाळण्याचं आहे. आजकालच्या बंगल्यांना भिंती कमी आणि काचा जास्त. शिवाय टीव्ही, फ्रिज, नळ, पॉलिश केलेल्या फरश्या. जे चकाकतं ते समोरचं काहीतरी दाखवतंच.

नियम सोपा आहे. प्रकाश काचेवर जेवढा तिरका पडतो, तेवढाच तिरका दुसऱ्या बाजूला निघतो. म्हणून मी काचेच्या एका बाजूला तिरकी उभी राहिले, की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच तिरक्या जागी जे असेल ते फोटोत येणार. तिथे काळं कापड धरायचं, म्हणजे काचेत काही उमटत नाही. लेन्सवर लावून फिरवायचा एक फिल्टर असतो, त्यानेही चमक कमी होते, पण संध्याकाळी तो पुरत नाही. आणि मालकांना नेमका संध्याकाळचाच फोटो हवा असतो: आत पिवळा उजेड, बाहेर निळसर तळं. त्या वेळी काचेचा आरसा झालेला असतो. मग कापडच.

कापड माझा नवरा धरायचा. त्याची स्वतःची टुरिस्ट गाडी होती. आठवड्याच्या मधल्या दिवसांत भाडं नसलं की तो माझ्याबरोबर यायचा. मी त्याला एक काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट घेऊन दिला होता. दोन्ही हात वर करून कापड धरायचं आणि स्वतः त्याच्यामागे राहायचं, एवढंच काम. ते त्याला कधी जमलं नाही. कापडाच्या वरून डोकं बाहेर काढायचाच. "दिसतोयस!" मी ओरडायचे. डोकं खाली. दोन मिनिटांनी पुन्हा वर. वैतागून मी त्याला काय काय बोलले आहे ते इथे लिहीत नाही. पहिली फ्रेम अशी वाया जायची, दुसरी किंवा तिसरी नीट यायची. घरी आल्यावर वाया गेलेल्या मी लगेच पुसून टाकायचे. कचरा साठवायची हौस मला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, गाडी धुता धुता तो खाली बसला आणि परत उठलाच नाही.

मला रडू आलं नाही. आलेल्या बायकांनी वाट पाहिली, मीही पाहिली. अंगावर जाड गोधडी घेऊन पडल्यासारखं होतं, सगळं ऐकू यायचं पण लांबून. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी कामाला गेले. कपडे वाळत घालायचा स्टँड नेला आणि कापड त्यावर टाकलं. स्टँड हलत नाही. पहिल्याच फ्रेममध्ये फोटो नीट आला. मालक खूश झाला. मी घरी येऊन भात लावला.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा सासूबाईंचा फोन आला. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या आंदर मावळात एकट्या राहतात. दहाव्याला हार घालायला कुणीतरी त्याच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. तोच आता घरात लावावा असं भावकीतल्यांचं म्हणणं होतं.

"त्यो मी भिताडाला लावायची न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "चोर धरून आनल्यावानी दिसतोय. तू लोकांचं लय फोटू काढतीस की गं. त्याचा एक न्हाई?"

नव्हता. लग्नातल्या फोटोंत मुंडावळ्यांमागे तोंड लपलेलं. मोबाइलमध्ये चार होते, चारही गॉगल लावून गाडीला टेकलेले. त्यांत गाडी छान आली आहे. पण सासूबाईंना त्यांचा मुलगा हवा होता, आणि तो द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी जुन्या डिस्का काढून बसले. फोल्डरमागून फोल्डर, सगळ्या काचा स्वच्छ. इतकं चोख काम मी केलं होतं.

चौथ्या दिवशी जुन्या बॅगेच्या कप्प्यात कॅमेऱ्याचं एक कार्ड सापडलं. रिकामं करायचं राहून गेलेलं. त्यात एक वाया गेलेली पहिली फ्रेम होती. मोठी खिडकी, बाहेर अंधारलेली झाडं, काचेत काळं कापड आणि कापडाच्या वर त्याचं डोकं. गालावर पलीकडच्या बंगल्याचा दिवा आला होता. कॉम्प्युटरवर तो पुसला, कपाळावरची फांदी पुसली. काचेतला माणूस ठेवून बाहेरचं पुसायची माझी ही पहिलीच वेळ. हात सराईतपणे चालत होता. काही वाटलं नाही.

छापून, चौकट करून, त्याच्याच गाडीने मी गावाला गेले. सासूबाईंनी फोटो दाराच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"व्हय. ह्यो माझा." मग बोट ठेवून म्हणाल्या, "पर भुवईवरची खोक हिकडं कशी? उजवीकडं हुती की. बैलगाडीवरनं पडलावता."

काचेतलं उलटं येतं, आणि फोटो सुलटा करून घ्यायचं मी विसरले होते. मी. "द्या, नीट करून आणते," म्हणाले. त्यांनी चौकट छातीशी धरली.

"ऱ्हाऊ दे. उलटा तर उलटा." परत बघत म्हणाल्या, "ह्यो बघतोय कुनाकडं गं?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. तो सरळ आमच्याकडे बघत होता. म्हणजे तेव्हा कॅमेऱ्याकडे. ज्या काचेत तो मला दिसत होता, त्याच काचेत मी त्याला दिसत होते. तेवढ्यासाठी तो डोकं वर काढत होता, दर वेळी, आणि मी ओरडत होते.

"माझ्याकडं," मी म्हणाले.

"आन् तू?"

"मी नव्हते बघत, आत्याबाई," मी म्हणाले. "मी काच बघत होते."