सिस्टर आत्या आणि फाटकाजवळचा नळ

कुणाच्याही घरी गेली की सिस्टर आत्या आधी पाणी मागायची आणि पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटायची. मग निकाल लागायचा. "बोअरचं हाय. लई जड." चहा कसा झालाय हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, पाण्याच्या बाबतीत मात्र यजमानाची सुटका नसे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, म्हणून साऱ्या नात्यागोत्यात सिस्टर. पाण्याला इतकं मानणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

निवृत्तीनंतर तिनं पडेगावात घर बांधलं आणि नेमकं तिच्याच बोअरला क्षाराचं पाणी लागलं. बादल्यांना पांढरे थर, डाळ शिजता शिजेना, गिझरही लवकरच बसला. जन्मभर दुसऱ्यांच्या पाण्याला नावं ठेवलीस, आता भोग, असं आम्ही चिडवायचो. ती हसायची, पण केस विंचरून झाले की कंगव्यात आलेले केस मोजत बसायची. शेवटी म्हणाली, "चल गं पोरी, पाणी मऊ करायचा सॉफ्टनर बघून येऊ. पण पारखल्याबिगर घ्यायचा नाय."

दुकानात ती बोअरच्या पाण्याचा कॅन, एक रिकामी बाटली आणि साबणाचा चुरा घेऊन आली. दुकानदार इरफानभाईंनी आधी पाइपाला बाहेरून बसवायचं चुंबक दाखवलं. "आपा, इसमें नमक का झंझटच नै." आत्यानं त्या पाइपातून आपलं पाणी सोडायला लावलं, बाटलीत घेतलं, चुरा टाकला आणि खळखळून हलवलं. फेस नाहीच, नुसता साका. "नाय जमलं, भाऊ." मग मिठावर चालणाऱ्या यंत्रातलं पाणी तसंच हलवलं, तर फेस बाटलीच्या तोंडाशी आला. इरफानभाई तिच्याहून खूश. "आपा, आप हमारी दुकान में बैठो!"

मग नळांची वाटणी सुरू झाली. न्हाणीघराला, गिझरला, कपड्यांना सॉफ्टनरचं पाणी. "स्वयंपाकघराला नको. मिठाचा अंश उतरतो त्यात, आन मला बीपी हाय." प्यायला वेगळा फिल्टर. उरला फाटकाबाहेरचा नळ, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी तिनं हौसेनं ठेवलेला. इरफानभाई सहज म्हणाले, "उसको बोअर का डायरेक्ट दे देते, आपा. रस्ते पे कौन देखता?"

आत्यानं हातातली बाटली खाली ठेवली. मग दवाखान्यात औषधाच्या वेळा सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "सोयगावाकडं आमची आई इहिरीपासून लांब उभी राहून ओंजळ धरायची. वरून कुणीतरी ओतायचं. गढूळ हाय का निवळ, इचारायची सोय नव्हती. आज मी दुकानात उभी राहून पाणी निवडायलेय. मंग माझ्या फाटकावर बी मी पिते तेच पाणी पायजे."

इरफानभाई हळूच "जी, आपा" म्हणाले आणि कागदावर फिल्टरची रेघ त्यांनी फाटकापर्यंत ओढली. लोकांच्या घरी ती डोळे मिटून काय चाखत होती, ते मला तिथं कळलं.

सॉफ्टनर बसल्यावर पहिल्या आंघोळीला आतून तिची हाक आली, "अगं, अंगावरचा साबणच निघंना की!" मऊ पाणी तसंच बुळबुळीत लागतं, हे समजावताना मी हसून बेजार झाले. फाटकाच्या नळाशी मात्र तिनं स्टीलचा पेला ठेवला. साखळी न लावता. पेले चोरीला जायचे, ती नवे ठेवायची. "जाऊ दे. माझ्या नळावर कुणी ओंजळ धरायची नाय."

आत्या गेली त्याला आता वर्ष होत आलं. त्या घरात मी राहते. परवा एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून नळाशी वाकली होती. पेला जागेवर नव्हता. तिनं ओंजळ पुढे केली. "थांबा," मी खिडकीतून ओरडले, आणि आत्या स्वतः ज्यातून पाणी प्यायची तो पेला घेऊन फाटकाकडे धावत गेले.