गुलाबी डब्याची अदलाबदल

टेंब्यांच्या अनसूयाबाई काडीमोड घेणार, ही बातमी मंगळवारी दुपारी तीनला गल्लीच्या नळावर पोचली आणि साडेतीनपर्यंत तिला तपशीलही फुटले. बाई बोचकं काखोटीला मारून एकट्याच टांग्यात बसल्या, डोळे रडून लाल झाले होते, नवऱ्याला म्हणाल्या, ‘भोपाळला तुम्ही जा, मी माहेरी चालले.’ शेजारच्या उषाताईंनी नव्या कायद्यात याची सोय कशी झालीय तेही समजावून सांगितलं. त्यांच्या जावयाचे थोरले भाऊ इंदूरला एका वकिलाच्या घरासमोर राहतात, त्यामुळे कायद्यावर त्यांचा अधिकार चालतो.

यातलं खरं एवढंच, की अनसूयाबाई टांग्यात बसल्या होत्या. डोळे लाल होते ते धुळीनं. चार दिवस त्या माळ्यावरचं सामान उतरवत होत्या. आणि बोचक्यात लुगडी नव्हती, खेळण्याचा एक डबा होता. तो टोपी बाजारात बदलून आणायला त्या निघाल्या होत्या. माहेर म्हणाल तर ते झाशीला, आणि झाशीला टांगा जात नाही. पण हे नळावर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अनसूयाबाईंचं वय चौतीस, आणि त्यातली आठ वर्षं सामान बांधण्यात गेलेली. मध्यभारत राज्य झालं तेव्हा राजधानीवरून ग्वाल्हेरचं आणि इंदूरचं जमेना, म्हणून हिवाळ्यात इथे ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात तिथे इंदूरला असा तोडगा निघाला. ज्यांनी काढला त्यांनी तो काढला. अनसूयाबाईंनी तो पेट्यांत भरला. बळवंतरावांचं दप्तर दर वर्षी जायचं आणि यायचं. ते फायलींच्या गठ्ठ्यांना नंबर घालत, आणि घरी बाई पलंगाच्या पायांवर खडूनं एक, दोन, तीन, चार लिहीत. पाना हातात घेऊन बोल्ट त्याच सोडत आणि तिकडे पोचल्यावर त्याच पिळत. लोणच्याची बरणी गादीच्या वळकटीत कुठे ठेवली म्हणजे फुटत नाही, हे त्यांच्याइतकं ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता मध्यभारतच मोडलं. नवं राज्य होऊन पाच महिने झाले, दप्तरं एकेक करून भोपाळकडे चालली होती, आणि टेंब्यांची पाळी चैत्रात आली. हे जाणं कायमचं. “या खेपेला परत यायचं नाही, म्हणजे निम्मं काम वाचलं,” असं बाई म्हणाल्या तेव्हा गल्लीतल्या बायका हसल्या. बाई हसल्या नव्हत्या. त्या फार दमल्या होत्या.

दुर्गा त्यांची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. मैत्रिणी सुटणार म्हणून ती रुसली, तेव्हा बळवंतरावांनी तिला खेळणं कबूल केलं आणि मानसिंगरावांच्या दुकानातून आणलं. मानसिंगराव मूळचे संस्थानच्या फौजेतले. फौज विलीन झाली, हे घरी आले, आणि मिशा तशाच ठेवून खेळणी विकू लागले. त्यांच्याकडे कलकत्त्याहून दोन तऱ्हेचे डबे आले होते. निळ्या डब्यात लोखंडी पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट. वर क्रेनशेजारी उभा असलेला मुलगा. गुलाबी डब्यात लाकडी भिंती, छप्पर, चूल. वर चुलीशी हसणारी मुलगी आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘खास लड़कियों के लिए’. बळवंतराव दप्तरातला माणूस. कागदावर लिहिलेलं त्यांना पटतं. त्यांनी गुलाबी आणला.

दुर्गानं पाव तासात घर उभं केलं. चूल चुलीच्या खाचेत, खिडकी खिडकीच्या. मग सगळं सुटं करून तिनं त्याचा पूल करून पाहिला, पण दुसऱ्या कुठल्या खाचेत काही बसेचना.

“आई, ये तो हो गया,” ती म्हणाली. “आता काय करू?”

“परत तेच कर,” अनसूयाबाई म्हणाल्या. त्या तेव्हा तांब्याची भांडी चिंध्यांत गुंडाळत होत्या, आणि तोंडातून निघून गेल्यावर त्यांचे हात जरा थांबले.

निघायच्या गडबडीतही चैत्रगौरीचं हळदीकुंकू सोमवारी उरकून घ्यायचं ठरलं. गौरीचा पितळी झोपाळा मात्र मोठ्या ट्रंकेच्या तळाशी गेला होता. ती ट्रंक पुन्हा उपसायचं बाईंच्या जिवावर आलं. “पाटावर बसेल एक वर्ष, ती काही बोलत नाही,” असं त्यांनी ठरवलं. दुर्गानं आधी गौरीला गुलाबी घरात बसवून पाहिलं; दारातून मुकुट जाईना. मग तिनं मच्छरदाणीचे सोडून ठेवलेले लोखंडी दांडे घेतले, त्यांच्या भोकांत त्यांचेच बोल्ट घातले, दोन्हीकडे तिकाटणं उभं केलं, आडवा दांडा टाकला आणि खोक्याची फळी सुतळीनं टांगली. गौर बसली. झुललीसुद्धा.

संध्याकाळी बायका आल्या. पन्हं प्यायल्या, आंब्याची डाळ वाखाणली, पण डोळे सगळ्यांचे झोपाळ्यावर. जाताना उषाताई बाहेरच्या खोलीत वळकटीवर बसलेल्या बळवंतरावांना म्हणाल्या, “भावजी, झोपाळा काय झकास केलात हो!”

बळवंतरावांनी वर्तमानपत्र जरासं खाली केलं. “अहो, त्यात काय,” ते म्हणाले. “रिकामा वेळ होता.”

दुर्गा दारात अत्तरदाणी घेऊन उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. सकाळी गौर पूजेच्या डब्यात गेल्यावर तिनं बोल्ट एकेक करून सोडले आणि सगळे दांडे बापापुढे नेऊन ठेवले. “लो बाबा, तुमची मच्छरदाणी,” म्हणाली आणि जाऊन कोपऱ्यात गुलाबी घर लावत बसली. लावायची, सोडायची, पुन्हा तेच लावायची.

अनसूयाबाई ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, हा डबा बदलून आणा. तो निळा आणा.”

बळवंतराव रात्रभर डासांनी फोडून काढलेला दंड खाजवत होते. “निळा मुलांचा आहे.”

“झोपाळा तिनं केला.”

“तेच म्हणतो. तिला येतं तर मुद्दाम शिकवायचं कशाला? तिला पुढे घरच करायचंय. कारखानदार काही वेडे नाहीत, विचार करूनच लिहिलं असेल ना?”

“पलंगाचे बोल्ट मी पिळते, त्यावर कुठे काय लिहिलंय?”

“ती नड आहे गं. नडीला माणूस काहीही करतं. आवडीनं करायचं म्हणजे…” त्यांनी दंड पुन्हा खाजवला. “भोपाळला सगळी नवी माणसं, दहा ठिकाणची. पहिल्याच दिवशी टेंब्यांची मुलगी पाना घेऊन ओट्यावर बसलेली दिसली तर काय म्हणतील?”

निळा डबा आला की त्याचे बारके नट गादीखाली, डाळीत, मोरीत सापडणार आणि ते वेचणारही आपणच, हे बाईंना दिसत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “शुक्रवारी निघायचंय. तिकडे हे दुकान नाही. एकच एक घर लावत बसलेली ती मला बघवत नाही.”

“मी खोटं बोललो असं तुझं म्हणणं आहे का?” बळवंतराव एकदम म्हणाले.

“मी काहीच म्हटलं नाही,” बाई म्हणाल्या.

बळवंतराव दप्तरात गेले. बाईंनी गुलाबी घर सोडलं, तुकडे मोजले, प्रत्येकाला कागद लावला, डबा बंद करून सुतळी बांधली, बोचक्यात घातला, आणि तीनला टांगा बोलावला. पुढचं नळानं केलं.

मानसिंगरावांनी काउंटरवर डबा फिरवून फिरवून पाहिला. “वहिनीसाहेब, खोललेला माल आपण वापस घेत नाही.”

“मग बघा खोललाय का.”

त्यांनी सुतळी सोडली. आत सगळं एकात एक असं बसलेलं, की हाताला हलेना. मिशीवर बोट फिरवत ते म्हणाले, “कारखान्यातून आला तेव्हा खडखडत होता हो. आता आवाज नाही.” त्यांनी निळा डबा खाली काढला. “पण घरात तर मुलगीच आहे ना? हा तो मुलांचा.”

तेवढ्यात बळवंतराव धापा टाकत दुकानात शिरले. टोपी हातात, कोटाचं एक बटण उघडं. दप्तराच्या दारात कुणीतरी त्यांना काडीमोडाचं सांगितलं होतं, आणि नशिबानं बाईंना सोडून परतणारा टांगेवाला समोर भेटला होता.

“अगं… तू इथे आहेस?”

“मग कुठे असणार?”

बळवंतराव बायकोकडे बघत राहिले. बाईंच्या केसांत माळ्यावरचं जळमट तसंच होतं, आणि निळ्या डब्यावर टेकलेली बोटं सुतळीनं सोललेली. त्यांनी कोटाचं बटण लावलं. मग मानसिंगरावांना हळूच म्हणाले, “द्या तो. बांधा नीट.”

मानसिंगरावांनी डबा कागदात गुंडाळला. बाईंनी तो उचलला. दुकानाच्या पायऱ्या उतरताना बळवंतरावांना राहवलं नाही. आवाज खाली आणून ते म्हणाले, “हे बघ, भोपाळला कुणी विचारलं तर सांगू, भाच्यासाठी घेतलाय म्हणून. काय?”

अनसूयाबाईंनी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, “तुम्हाला सांगायचं ते सांगा. पण ते खोटं तुमच्या ट्रंकेत भरा, माझ्या सामानात आता जागा नाही.”