तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधला फेटा

आमच्या घरात सत्कार न झालेली मी एकटीच उरले होते. काकांचे इतके झाले आहेत की त्यांच्या कपाटात शालींसाठी वेगळा खण आहे. पप्पांचा एकदा झाला, तोही ते पुढच्या रांगेत सापडले आणि एक शाल उरली होती म्हणून. मी सत्कारांपासून लांब राहिले होते, कारण सत्कारात स्टेजवर उभं राहावं लागतं आणि नंतर ‘दोन शब्द’ बोलावे लागतात. मला घरातसुद्धा दोन शब्द जड जातात. नातेवाईकांच्या मते त्याला माझी शाळा जबाबदार आहे. ‘इंग्लिश मीडियमची हाय, तिला आपलं बोलणं कळत न्हाय,’ असं ते माझ्यासमोरच सांगतात. मला कळतं. फार चांगलं कळतं.

काका कोल्हापुरातल्या एका संगीतप्रेमी मंडळाचे सेक्रेटरी आहेत. मंडळ दिवाळीत पहाटेचं गाणं करतं आणि उरलेलं वर्ष त्याच्या हिशोबावरून भांडतं. मागच्या वर्षी काकांच्या मनात आलं, की शेजारच्या सांगलीत कधी झालं नाही असं काहीतरी कोल्हापुरात करायचं. संगीतात काय नवं करावं यापेक्षा सांगलीत काय झालेलं नाही हे शोधणं सोपं असतं. त्यातून पन्नासेक वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद आणायचं ठरलं. पुण्याचे, गोव्याचे, बेळगावचे वादक. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात हयात संगीतकारांच्या दोन नव्या रचना, उत्तरार्धात दोनशे वर्षांपूर्वीची एक सिम्फनी. हयात माणसांचं आधी आणि मेलेल्याचं शेवटी, म्हणजे लोक उठून जात नाहीत, असा त्यामागे अनुभव असावा.

माझे व्हायोलिनचे सर दर रविवारी बेळगावहून येतात. ते याच वाद्यवृंदात वाजवतात. सेकंड व्हायोलिनच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवरचा माणूस येणार नव्हता, म्हणून सरांनी मला मेसेज करून विचारलं. मेसेजवर मी धीट असते. लगेच हो म्हटलं.

हो म्हणायला कारण होतं. त्या सिम्फनीत तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळं विझत जातं. तंतुवाद्यं एकेक सूर धरून बसतात आणि मागे टिंपनी, म्हणजे तांब्याच्या हंड्यासारखा मोठा ढोल, अगदी हलक्या ठोक्यांनी चालू राहतो. कुणीतरी बंद दारावर बोटांनी टकटक करावं तसा. मग मध्ये कुठेही न थांबता चौथा भाग सुरू होतो, सगळी वाद्यं एकदम, पूर्ण ताकदीनं. दहावीच्या अभ्यासाच्या नावाखाली मी हे हेडफोनवर ऐकलं होतं. तेव्हापासून मला ती जागा पन्नास माणसांच्या मध्ये बसून वाजवायची होती. दुसरं काही नको होतं. अशी इच्छा आमच्या घरात कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून सांगितली नव्हती.

एका दुपारी काकांनी विचारलं, “काय गं, त्या सिम्फनीत भाग किती असतात?”

“चार.”

“आणि मधी थांबत्यात?”

“थोडंसं,” मी म्हटलं.

काकांनी लगेच हिशोब केला. चार भाग म्हणजे मध्ये तीन मोकळ्या जागा. तीन मोकळ्या जागा म्हणजे तीन सत्कार. पहिल्या जागेत प्रमुख पाहुणे असलेले साहेब, दुसऱ्या जागेत प्रायोजक.

“आणि तिसऱ्या जागेत तू,” काका म्हणाले. “फेटा बांधायचा तुला. कोल्हापूरची लेक, गोऱ्या साहेबांच्या बाजात! कागलची आपली सगळी येणार हायत ट्रॅव्हलर करून.”

“काका, तिसऱ्यानंतर थांबत नाहीत,” मी म्हटलं. पण मी जे बोलते ते ऐकायला माणसाला थांबावं लागतं, आणि काका तोवर फेटेवाल्याशी फोनवर बोलायला लागले होते. मग मी त्यांना सविस्तर मेसेज लिहिला. त्यावर अंगठा आला. काका सगळ्या मेसेजना अंगठा देतात, मयताच्यासुद्धा. पप्पांना सांगून बघितलं. ते म्हणाले, “तूच सांग की. मी सांगितलं तर भांडण हुईल.” सरांना सांगितलं तर ते हसले. सिम्फनी चालू असताना कुणी स्टेजवर फेटा घेऊन येईल यावर त्यांचा विश्वास बसेना. सरांचा पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास दांडगा आहे, आमच्या मंडळाचा नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. तिकीट नव्हतं, आणि फुकट असेल तर कोल्हापूर कुठल्याही शतकातलं संगीत ऐकायला येतं. समई पेटली. कंडक्टर गोव्याचे, वयस्कर, फार सभ्य. त्यांनी पंखे बंद करायला सांगितले, कारण आमचे कागद उडत होते. कपडे वाळत घालायचे चिमटे लावूनही उडत होते. पंखे बंद होताच मागून आवाज आला, “ओ, पंखं लावा की! जीव घेताय व्हय?”

पहिल्या नव्या रचनेत आम्हाला तारांना हात न लावता, व्हायोलिनच्या अंगावर बोटांनी वाजवायचं होतं. परिचयात लिहिलं होतं की हा शहरातल्या शांततेचा शोध आहे. लोक समजले की अजून जुळवाजुळव चालली आहे, आणि त्यांनी मोकळेपणानं गप्पा सुरू केल्या. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला सांगत होत्या की सुरू झालं की उठव. शांततेचा शोध तसाच चालू राहिला. ती काही सापडली नाही.

दुसरी रचना लांबलचक कण्हण्यासारखी होती. मला ती आवडली. पण तिच्या शेवटी संगीतकारानं मुद्दाम शांतता लिहिली होती. कंडक्टरांनी हात वर धरला, आम्ही व्हायोलिनचे गज वर धरले, आणि त्या शांततेत कुणीतरी मनापासून विचारलं, “काय झालं? लाइट गेली काय?” रचनाकार स्वतः सभागृहात होता. काळा कुर्ता, मागे बांधलेले केस. त्याला उभं केल्यावर टाळ्या जोरात पडल्या. आपल्याकडे दुःखी माणसाला लोक टाळ्या हात आखडून देत नाहीत.

मध्यंतरात चहा झाला आणि सिम्फनी सुरू झाली. पहिला भाग अर्ध्यावर असताना साहेब आले. पुढच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या. कंडक्टरांना वाटलं असावं की ही संगीताला मानवंदना आहे, कारण त्यांचे हात आणखी जोरात हलले. भाग संपला, टाळ्या झाल्या आणि काका माइक घेऊन पुढे आले. शाल, नारळ, फेटा. साहेबांनी सांगितलं की त्यांना संगीतातलं फारसं कळत नाही, आणि मग बराच वेळ ते समजावून सांगितलं. कंडक्टर हातातली छडी धरून बाजूला उभे होते. त्यांच्याही हातात एक नारळ देण्यात आला.

दुसऱ्या भागानंतर प्रायोजक. त्यांचा भडंगाचा कारखाना आहे. त्यांनी कंडक्टरांना भडंगाचा मोठा पुडा दिला. नारळ एका हातात, छडी दुसऱ्या हातात, म्हणून कंडक्टरांनी पुडा पायाशी ठेवला, नारळ त्यावर ठेवला, आणि तिसरा भाग सुरू केला. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

तिसरा भाग चालू असताना मी विंगेत बघितलं. माझ्याच बाजूला, माणसाएवढे डबल बास वाजवणाऱ्यांच्या मागे काका उभे होते, हातात भगवा फेटा. त्यांच्यामागे औक्षणाचं तबक घेऊन काकी, निरांजन पेटवून तयार. काकांनी मला बघितलं आणि हसून मान डोलावली. आता तुझीच पाळी, असं.

संगीत विझायला लागलं. आमच्या रांगेनं एक सूर धरला, गज जेमतेम तारेला टेकेल इतका हलका. टिंपनीची टकटक सुरू झाली. इतक्या वर्षांनी ती जागा आली होती आणि मी तिच्या आत बसले होते. सभागृहाला वाटलं संपलं. दोनचार टाळ्या पडल्या, मग पुष्कळ पडायला लागल्या. आणि काका स्टेजवर आले. एक पाऊल, दुसरं, फेटा दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यावर सेक्रेटरीचं हसू.

आणखी चार पावलांत ते माझ्या डोक्यापर्यंत पोचले असते.

“काका, थांबा की! संपल्यालं न्हाई अजून!”

हे कोण ओरडलं म्हणून मीही इकडेतिकडे बघितलं. माझी शाळा, माझी मोजूनमापून वापरलेली भाषा, सगळं कुठे गेलं माहीत नाही. आवाज थेट शिवाजी पेठेतल्या फुटबॉलच्या मैदानावरून आल्यासारखा होता, आणि मी तिथे कधी सामनासुद्धा बघितलेला नाही.

काका जागच्या जागी थांबले. मागच्या रांगेतून कुणीतरी साथ दिली, “थांबा हो पावणं, पोरगी सांगत्या न्हवं!” थोडं हसू झालं, आणि मग सगळं सभागृह गप्प झालं. खरोखर गप्प. अजून काहीतरी यायचं आहे हे त्यांना आता समजलं होतं. दोन्ही रचनाकारांना जी शांतता मिळाली नाही, ती माझ्या ओरडण्यानं मिळाली. टिंपनीवाला मान खाली घालून ठोके देत होता, तो एकदाही चुकला नाही. ठोके वाढले, सूर वर चढला, आणि चौथा भाग उघडला.

सगळ्यांनी तो वाजवला. मी सोडून.

माझा गज अजून हवेत होता, काकांच्या दिशेनं रोखलेला. कागदावर कुठे आहोत ते सापडेना. पितळी वाद्यं मागून पाठीवर आदळत होती, पायाखालची फळी हादरत होती, शेजारचा गोव्याचा वादक सगळी ताकद लावून ओढत होता, आणि मी हात वर करून बसले होते. इतक्या आतून ते मी परत कधी ऐकेन असं वाटत नाही. वाजवायला मिळालं असतं तर इतकं ऐकू आलं नसतं, अशी समजूत मी नंतर काढली. ती फारशी पटत नाही. काही ओळी गेल्यावर मी मध्येच शिरले आणि शेवटपर्यंत वाजवलं.

काकांना मागे जाता येईना, कारण बासवाल्यांचे हात जोरात चालले होते. त्यामुळे संपूर्ण चौथा भाग ते फेटा धरून स्टेजवरच उभे राहिले, आणि विंगेच्या तोंडाशी काकी तबक धरून. तूप संपून निरांजन विझलं तरी काकींनी तबक खाली घेतलं नाही.

फेटा शेवटी बांधलाच. त्याआधी काकांनी माइकवर सांगितलं, “आमची पोर घरात कधी बोलत न्हाय. आज बोलली, ते बी मला गप करायला!” लोक हसले. काकाही हसत होते, पण फेट्याची शेवटची गाठ त्यांनी जरा जास्तच आवळली.

बाहेर ट्रॅव्हलरपाशी कागलच्या आत्यानं माझे दोन्ही गाल धरले. “तुझं ते लई भारी झालं बघ!”

“कुठलं, आत्या?”

“थांबा म्हणालीस ते! बाकीचं काय कळलं न्हाय, पण त्ये झकास!”

आता नातेवाईकांच्या ग्रुपवर तेवढाच तुकडा फिरतो. माझ्या ओरडण्यापाशी सुरू होतो आणि चौथा भाग उघडायच्या आत संपतो. काकांनी त्यालाही अंगठा दिला आहे.

जाताना कंडक्टर नारळ आणि भडंग सांभाळत माझ्यापाशी आले. पुढच्या महिन्यात बेळगावला हीच सिम्फनी आहे, ती शेवटची खुर्ची अजून रिकामी आहे, येशील का, असं त्यांनी विचारलं. मी मेसेजची वाट बघितली नाही. तोंडानं हो म्हटलं.

घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कागलहून बेळगाव ट्रॅव्हलरनं काही फार लांब नाही.