सशाचे दोन कान

माझी आत्या घड्याळं दुरुस्त करायची आणि उरलेला वेळ घाबरायची. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. ती लिफ्टला घाबरायची, कुत्र्याला घाबरायची, सरकत्या जिन्याला घाबरायची. भरदुपारी फोन वाजला की घाबरायची आणि दोन दिवस वाजलाच नाही तर त्यालाही घाबरायची. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघायची, कोपऱ्यापर्यंत यायची आणि चौथ्यांदा ओढायला परत जायची. मी तिच्यासोबत बारा वर्षं काम केलं, त्यातली निदान दोन तरी त्या कोपऱ्यावर तिची वाट बघण्यात गेली असतील.

दुकान एकच, पण निम्मं तिचं आणि निम्मं माझं. डाव्या बाजूला तिचं टेबल, दिवा, चिमटे आणि काचेच्या वाट्या. उजवीकडे माझे खोटे दागिने. गिऱ्हाइकासमोर मी त्यांना फॅशनचे दागिने म्हणते. आत्याला माझ्या बाजूचं काहीच पटायचं नाही. लोंबतं कानातलं कशात तरी अडकणार आणि कान फाटणार, बांगडी दारात चेपणार, अंगठी बोटात रुतून बसणार. तिच्या स्वतःच्या अंगावर सोन्याचा मणी नव्हता की मनगटावर घड्याळ. गळ्यापर्यंत बटणं लावलेला राखाडी कोट आणि काळ्या दोरीत अडकवलेलं भिंग, एवढाच तिचा थाट. ते भिंग डोळ्याला लागलं की मात्र बाई बदलायची. पापणीच्या केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना तिचा हात कधी हललेला मी पाहिला नाही.

तिचा भाऊ म्हणजे माझे बाबा. ते लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे आणि घरी असले की बहिणीला छळायचे. तिला ‘ससोबा’ म्हणायचे, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. आत्या त्यांचा सूड घड्याळाच्या पोटात घ्यायची. तिची एक पद्धत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणावर, आतल्या बाजूने, ती सुईने गिऱ्हाइकाचा नंबर कोरायची. तो बाहेरून कुणाला दिसत नाही, घड्याळ उघडणाऱ्यालाच दिसतो. बाबांच्या घड्याळात तिने नंबर घातला नाही. दोन उभ्या रेघा ओढल्या, वरून जरा वाकलेल्या. सशाचे कान. बाबांनी ते पाहिले तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आठ वर्षांपूर्वी बाबा ट्रक घेऊन गेले आणि ट्रक एका धाब्यामागे उभा सापडला. किल्ली आत, डबा आत, पांघरूण घडी घालून ठेवलेलं. बाबा नव्हते. ते आजतागायत नाहीत. आमच्या घरात भीती राहायला आली ती तेव्हा. तोवर ती एकट्या आत्याची होती, नंतर ती आम्हा तिघींची झाली. आई दाराची बेल वाजली की हातातलं काम टाकून उभी राहते, पण दार उघडायला जात नाही. दार मी उघडते.

पोलिसांनी तेव्हा विचारलं होतं, अंगावर ओळखीची काही खूण? आत्याने कागदावर सशाचे कान काढून दिले. घड्याळाचं वर्णनही लिहून दिलं. ते पोलादी होतं, फिकट पिवळ्या तबकडीचं, किल्ली देऊन चालणारं. आजोबा कामाला होते त्या कारखान्याने पंचवीस वर्षं पुरी केलेल्या प्रत्येकाला तसलंच दिलं होतं. आमच्या गल्लीतच तशी चार-पाच असतील. त्यांतलं एक चित्रकलेच्या मास्तरांच्या हातावर होतं, त्यांच्या वडिलांचं.

मास्तर निवृत्त झाले होते, एकटे होते, आणि त्यांच्या पायाला भिंगरी होती. वही आणि पेन्सिली घेऊन महिना-महिना डोंगरांत जायचे, फोन घरीच ठेवायचे. त्यांची मोठी बहीण समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. तीही तशीच बिनधास्त. “यायचा तेव्हा येईल, न येऊन सांगतो कुणाला,” म्हणायची. सत्तरी ओलांडली तरी माझ्याकडून मोठाली कानातली घेऊन जायची. मी जे सांगणार आहे त्याच्या चार दिवस आधी तिने नारिंगी झुंबरं घेतली, खांद्याला टेकणारी. आरशात बघून म्हणाली, “भाऊ आला की घालून दार उघडते. म्हणेल, म्हातारीला चळ लागला.”

मास्तर वर्षातून एकदा आत्याकडे यायचे आणि घड्याळ साफ करून मागायचे. आत्या ते हातातच घ्यायची नाही. “चालतंय ना? मग कशाला उघडायचं,” म्हणायची. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी घड्याळवाली मी दुसरी पाहिली नाही. आधी मला वाटलं, आत्याला मास्तर आवडत असणार. मी तिला त्यावरून खूप चिडवलं. ती लाल व्हायची, आणि मला वाटायचं, बरोबर ओळखलं मी.

एका सकाळी हवालदार आला. मी नुकती काच पुसली होती. त्याच्या हातात एक जुनी फाइल आणि प्लॅस्टिकची छोटी पिशवी होती. फाइलवर बाबांचं नाव मी लांबूनच वाचलं.

“बसा तुम्ही दोघी,” तो म्हणाला. आत्या बसलेलीच होती.

शहरापासून चाळीस किलोमीटरवर एक बंद पडलेली खाण आहे, तिच्यात एक माणूस सापडला होता. साठीच्या पुढचा, मध्यम उंचीचा. पडून दहा-पंधरा दिवस झाले असावेत. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती, खिशात काही नव्हतं. मनगटावर घड्याळ होतं.

त्याने पिशवी टेबलावर उपडी केली. पोलादी घड्याळ, फिकट पिवळी तबकडी, काच तडकलेली. झाकण आधीच काढलेलं होतं. ते त्याने फाइलमधल्या कागदाशेजारी ठेवलं. “तुम्हीच काढून दिलेलं ना हे?”

आत्याने झाकणाला हात लावला नाही. मी तिच्या गळ्यातलं भिंग ओढून घेतलं, दोरीसकट, आणि बघितलं. दोन उभ्या रेघा. वरून जरा वाकलेल्या.

मला सगळ्यात आधी दुःख झालं नाही, हे मी लपवणार नाही. मला राग आला. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत बाबा होते. चाळीस किलोमीटरवर होते, बसने दीड तास. आठ वर्षं आई बेलच्या आवाजाला दचकत होती आणि हा माणूस इतक्या जवळ जिवंत होता आणि आला नाही. मग रागामागून भीती आली. आता हे आईला मी सांगायचं. दार मी उघडते ना.

“आमचंच आहे,” मी म्हणाले.

“थांब,” आत्या म्हणाली.

ती घड्याळाकडे बघत होती. झाकणाकडे नाही, घड्याळाकडे. ते तबकडीवर पालथं पडलं होतं, आतली चाकं वर. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ज्या हाताची मी एवढी फुशारकी मारते तो हात चक्क थरथरत होता.

“तुझ्या बाबाच्या घड्याळातला एक स्क्रू हरवला होता,” ती म्हणाली. “मी दुसरा बसवला. गंजू नये म्हणून तापवून घेतला. तापवला की पोलाद निळं होतं. आतल्या पट्टीला तीन स्क्रू असतात. दादाच्या घड्याळात दोन पांढरे आणि एक निळा.”

“मग बघ ना,” मी म्हणाले.

“बघते.”

पण ती बघेना. हवालदार एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. तो म्हणाला, “बाई, खूण तर जुळली. आता आणखी काय बघायचं?”

तेव्हा आत्याने सांगितलं. आमच्याकडे बघून नाही, त्या वाट्यांकडे बघून. बाबा जायच्या वर्षभर आधी, एका दुपारी, दोन सारखी घड्याळं तिच्या टेबलावर होती, एक बाबांचं आणि एक मास्तरांचं. एका वेळी एकच घड्याळ उघडायचं हा तिचा नियम, पण बाबांना निघायचं होतं आणि मास्तर दारात उभे होते, म्हणून तिने दोन्ही झाकणं एकाच वाटीत धुवायला टाकली. तेवढ्यात दुकानात कुत्रं शिरलं. आत्या स्टुलावर चढली. बाबा हसत सुटले, मास्तर कुत्र्याला हाकलायला लागले, आणि ती खाली उतरली ती शरमेनं अर्धी होऊन. हाताला येईल ते झाकण तिने लावलं, आतली खूण न बघता, आणि दोघांना दोन घड्याळं देऊन वाटेला लावलं. संध्याकाळी कुलूप ओढताना तिच्या मनात आलं, झाकणांची अदलाबदल तर झाली नाही?

“नंतर बघितलं का नाहीस?” मी विचारलं. “वर्षभर बाबा येत-जात होते. मास्तर तर इथेच होते.”

“आज बघते, उद्या बघते करत राहिले. चुकलेलं निघालं तर दादा जन्मभर चिडवेल म्हणून आधी घाबरले. मग तो गेला. आणि मी ती खूण पोलिसांना देऊन बसले.” तिने तोंडावरून हात फिरवला. “मास्तरांचं उघडलं असतं तर कळलं असतं. पण ती खूण चुकीची निघाली असती तर? तेवढीच एक आशा होती गं, ती सापडायची खूण. ती खोटी आहे हे मला कळून घ्यायचं नव्हतं.”

मला तिचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच क्षणी मी मनातल्या मनात विनवत होते की तिची चूक झालेली असू दे.

मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्याला लावलं. थरथर थांबली, नेहमीसारखी. तिने चिमट्याच्या टोकाने एकेक स्क्रू मोजला, मग परत मोजला, कुलूप ओढून बघते तसा तिसऱ्यांदा मोजला.

“तिन्ही पांढरे,” ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मी हसलेसुद्धा, मोठ्यानं. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि मग मला ते ऐकू आलं, तिन्ही पांढरे म्हणजे कोण. समोरच्या काचेत त्याच नारिंगी झुंबरांचा दुसरा जोड टांगलेला होता. मी मान फिरवली.

आत्याने भिंग खाली ठेवलं. “लिहून घ्या,” ती हवालदाराला म्हणाली. “झाकण माझ्या भावाचं आहे, घड्याळ नाही. हे घड्याळ चित्रकलेच्या मास्तरांचं. त्यांची बहीण समोर राहते, तिला अजून काही माहीत नाही.” “आणि माझ्या भावाच्या फाइलीत लिहा, सशाचे कान नाहीत. त्याच्या घड्याळाच्या झाकणावर मास्तरांचा नंबर आहे. दोनशे बारा.”

हवालदाराने लिहिणं थांबवलं. “आठ वर्षं आम्ही हे कान शोधतोय, बाई. बेवारस लोकांचं सामान तपासताना दोनशे बारा कुणी वाचलं असेल तरी सोडून दिलं असेल.”

“माहीत आहे मला,” आत्या म्हणाली.

“गोदामात परत बघावं लागेल. दोन-तीन दिवसांत फोन करतो.”

म्हणजे आमची भीती संपली नव्हती. तिला फक्त नंबर मिळाला होता. आईला काय सांगायचं हे मला अजूनही कळत नव्हतं. मी आत्याशी बोलत नव्हते, आणि तिने ते मनावर घेतलं नाही. तिने दिवा बंद केला, दुकानाचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि एकदाही न ओढता रस्ता ओलांडायला लागली. हवालदार मागून आला. “मी सांगतो, ते आमचं काम आहे,” तो म्हणाला.

“तुम्ही मागे राहा,” ती म्हणाली. “तिला आधी मी दिसू दे.”

मास्तरांची बहीण वीस वर्षं तिला चहाला बोलावत होती आणि वीस वर्षं आत्या त्या लिफ्टची सबब सांगत होती. मी जिन्याकडे वळले. आत्याने माझा दंड धरला.

“जिन्याने नको. मी मध्येच परत फिरेन. लिफ्टमधून फिरता येत नाही.”

ती डोळे मिटून आत शिरली. चार मजले तिची नखं माझ्या दंडात रुतत होती. मी तिचा हात सोडवला नाही. राग होताच, पण सोडवला नाही.

बेल मी वाजवली. आतून चपलांचा आवाज आला, मग जरा वेळ गेला, कुणी आरशासमोर थांबावं तेवढा. दार उघडलं ते खांद्याला टेकणाऱ्या नारिंगी झुंबरांनी.

“अगं बाई, तू होय,” ती आत्याला म्हणाली. “मला वाटलं, भाऊ आला. आणि लिफ्टने आलीस? तू?” ती हसत होती. मग तिने आत्याचा चेहरा पाहिला, कोट पाहिला, गळ्यात तसंच राहिलेलं भिंग पाहिलं. कशाचीही पर्वा न करणारी ती बाई, आणि मी तिच्या तोंडचं पाणी पळताना बघितलं.

आत्याने बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच मास्तरांच्या बहिणीचे हात कानांकडे गेले होते, आणि ती दारातच उभी राहून, आमच्याकडे न बघता, एकेक झुंबर काढायला लागली होती.